सहाशे यार्डांवर गोळ्या पुन्हा वर-खाली पसरताहेत? पावडर बदलण्याआधी पुंगळीचं वय बघा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल.

काडतुसं घरी भरलेली, म्हणजे पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) पावडर आणि गोळी आणि तिच्या बुडात प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) आपणच बसवलेला. १०० यार्डांवर पाच गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. त्याच डब्यातली काडतुसं ६०० यार्डांवर मारली की भोकांची उभी रांग लागते. आडवा पसारा चार इंच आणि उभा आठ-नऊ. तुम्ही काहीतरी बदलता, रायफल सुधारते, दोन-तीन महिने मजेत जातात आणि मग एका शनिवारी तीच उभी रांग पुन्हा हजर. माझ्याकडे हे तीन वेळा झालं, आणि तिन्ही वेळा मी चुकीच्या माणसाला फाशी दिली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. मी टेक्सासात राहतो आणि हे सगळं इथलं आहे. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे नाशिक-कोल्हापूरच्या नेमबाजांनी हे फक्त वाचायला घ्यावं. अमेरिकेतही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवताच येत नाही. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी स्वतः नुसता मित्रांच्या पाट्या बघत बसायचो.

माझी रायफल साधी बोल्टवाली, ६.५ क्रीडमोर या काडतुसाची. गोळी १४० ग्रेनची, वेग साधारण २,७०० फूट प्रति सेकंद. पण हा आजार .३०८ ला होतो, .२२३ ला होतो, आणि एकच पुंगळी पुन्हा-पुन्हा भरणाऱ्या कोणालाही होतो.

१०० यार्डांवर का दिसत नाही

गोळी नळीतून बाहेर पडताना वेग कमी-जास्त असेल तर ती कमी-जास्त खाली पडते. माझ्या गोळीसाठी हिशोब असा: दोन गोळ्यांच्या वेगात ६० फुटांचा फरक असेल, तर १०० यार्डांवर त्या फरकाने एक दशांश इंचही जेमतेम सरकतं. ६०० यार्डांवर तोच फरक साडेचार इंचांच्या आसपास जातो. म्हणजे १०० यार्डांची पाटी तुम्हाला खोटं सांगत नाही, तिला तो प्रश्न विचारलेलाच नसतो. मी मात्र दर वेळी तिथेच तपासायचो, 'सगळं ठीक आहे' म्हणायचो आणि वाऱ्याला शिव्या घालायचो. वारा प्रामुख्याने आडवं नेतो. उभ्या रांगेचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नव्हता.

आणि तीन-तीन गोळ्यांचे गट मारून निष्कर्ष काढायची सवय असेल तर ती आधी सोडा. तीच रायफल, तीच काडतुसं, काहीही न बदलता दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरी दीडपटीहून मोठाच येतो. हे शुद्ध गणित आहे. तीन गोळ्यांत सुधारणा दिसली म्हणून मी एकदा १०० गोळ्यांचा आख्खा डबा पुंगळीत एका विशिष्ट खोलीवर बसवून टाकला होता. पुढच्या शनिवारी त्या सुधारणेचा मागमूस नव्हता.

आधी हे झटपट उरकून घ्या

अ‍ॅक्शनचे (गोळी झाडणाऱ्या यंत्रभागाचे) स्क्रू आणि दुर्बिणीचे माउंट टॉर्क पान्याने तपासा. 'हाताला घट्ट लागतंय' हे मोजमाप नव्हे. दुर्बिणीतला पॅरॅलॅक्स (डोळा हलला की खूण सरकल्यासारखी दिसणं) त्या अंतराला लावला आहे ना ते बघा. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या टोकाला काजळीचं कडं साचलंय का ते बोअरस्कोपने (नळीत डोकावणाऱ्या कॅमेऱ्याने) पाहता आलं तर उत्तम, नाहीतर नीट साफ करून चार-पाच गोळ्या मारून घ्या. काडतुसांचा डबा उन्हात ठेवत असाल तर सावलीत ठेवा. आमच्याकडे जुलैत गाडीच्या टपावर ठेवलेला डबा हाताला चटका देतो, आणि पावडर तापली की वेग चढतो, दाबही चढतो.

तराजूचं वेगळं सांगतो, कारण तिथे मी फसलोय. माझा डिजिटल काटा ०.१ ग्रेनचा. एका ग्रेनचं वजन सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे काटा साडेसहा मिलिग्रॅमवर बोलतो. भरता भरता लक्षात आलं की रिकामं भांडं ठेवल्यावर आकडा कधी ०.१ वर, कधी ०.२ खाली. वर बघितलं तर एसीचा झोत थेट टेबलावर. एक पुठ्ठा आडवा लावला आणि आकडा गप्प बसला. तुमच्याकडे पंखा असेल तर पंखा बंद करा, मोबाईलही काट्याजवळ नको.

हे सगळं करूनही उभी रांग तशीच असेल तर पुढे वाचा.

वहीने केलेला घात

मी वही ठेवतो. पहिल्या वेळी प्रायमर बदलला, रांग गेली. दुसऱ्या वेळी पावडरचा नवा लॉट उघडला, नियमाप्रमाणे खालच्या मापापासून पुन्हा चढत आलो, रांग गेली. तिसऱ्या वेळी गोळी बसवायची खोली बदलली, रांग गेली. प्रत्येक वेळी वहीत लाल शाईने 'कारण सापडलं' असं लिहिलेलं. तीन कारणं सापडलेली आणि आजार चौथ्यांदा दारात.

मग एका रात्री वही मागून पुढे वाचली. माझा एक नियम होता, मला फार शहाणपणाचा वाटायचा: नवा प्रयोग नव्या पुंगळ्यांवर करायचा, म्हणजे जुन्याची भेसळ नको. प्रत्येक वेळी प्रायमर, पावडर किंवा खोली बदलताना मी शंभर नव्या पुंगळ्यांचं पाकीटही फोडलेलं होतं. आणि प्रत्येक वेळी आजार उलटला तो त्या पुंगळ्यांच्या पाचव्या-सहाव्या भरणीला. बदल दोन केले होते, श्रेय एकालाच दिलं होतं.

आमचे अप्पा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भुसावळजवळचा हा कारखाना लष्करासाठी छोट्या हत्यारांची काडतुसं बनवतो. व्हिडिओ कॉलवर त्यांना सहा वेळा मारलेली पुंगळी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाजवळ नेला आणि विचारलं, "हिला किती वेळा मारलंय?"

"सहा."

"मधे एकदा तरी आगीवर घेतली का?"

"नाही अप्पा."

"मग रे! पितळ थकलंय. आमच्याकडे नुसती ओढून लांब करताना मधे-मधे भट्टीत घालायचो. शेवटी मानेला वेगळी आंच. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर डाग बघितला नाहीस कधी?"

बघितला होता, गोळी धरणाऱ्या त्या अरुंद टोकावर. मला वाटायचं तो साठवणुकीचा डाग आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुंगळ्यांवर तो घासून काढलेला असतो, म्हणून आपल्या नजरेला पडत नाही.

पितळ थकतं म्हणजे काय

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. काडतूस उडालं की मान फुगून चेंबरला टेकते. आपण प्रेसवरच्या डायमध्ये (साच्यात) घालून ती दाबतो, आतून एक्स्पांडर ओढून पुन्हा थोडी उघडतो, गोळी बसवतो, पुन्हा उडवतो. थंड धातू असा वाकवत-दाबत राहिलं की तो कडक होतो. पुण्यातल्या तांबट आळीत कोणी घागर ठोकताना पाहिलं असेल तर हे नव्याने सांगायला नको. तांबट सलग ठोकत नाही. मधेच भांडं आगीत घालतो आणि मग पुढे ठोकतो. नाहीतर पत्रा फाटतो.

पुंगळीच्या मानेला चीर पडते ही शेवटची पायरी. नेम त्याच्या किती तरी आधी जातो. कडक पितळ डायमधून बाहेर आलं की उसळी मारून थोडं मागे येतं, आणि प्रत्येक पुंगळी सारखी उसळत नाही. मग एका पुंगळीची मान गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल. गोळी सुटायला लागणारा जोर बदलला की दाब चढण्याची वेळ बदलते, आणि त्याबरोबर वेग. पावडर तुम्ही कितीही काटेकोर मोजा, ती ज्या दारातून गोळीला ढकलते त्याची कडी कधी घट्ट, कधी ढिली.

याची एक बिनखर्चाची चाचणी आहे, ती रेंजवर जायच्या आधी करा. डायला हात न लावता दहा जुन्या पुंगळ्या एकापाठोपाठ दाबा आणि कॅलिपरला कंपॅरेटर लावून प्रत्येकीचा खांदा (मानेखालचा उतार) बुडापासून किती अंतरावर आहे ते मोजा. माझ्या दुसऱ्या भरणीच्या पुंगळ्या सगळ्या इंचाच्या एक हजारांश फरकात यायच्या. सहाव्या भरणीच्या चार हजारांशात विखुरल्या होत्या. डाय तीच, हात तोच. गोळी बसवताना प्रेसच्या दांड्यालाही हे कळतं: एक गोळी लोण्यात जाते, पुढचीला दांडा अडतो. असा दांडा बोलायला लागला की मी आता थांबतो.

खात्री कशी केली

वीस पुंगळ्या घेतल्या, सगळ्या सहाव्या भरणीच्या. दहांच्या माना तापवल्या, दहा तशाच ठेवल्या. पावडर, प्रायमर, गोळी एकाच लॉटची, भरणी एकाच बैठकीत. बुडावर मार्करने खुणा केल्या आणि कोणती खूण कशाची हे बायकोने एका कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवलं. तिला हा प्रकार आवडला, कारण मला काहीतरी न सांगण्याचं तिला अधिकृत कारण मिळालं. रेंजवर एक याची, एक त्याची अशा आलटून-पालटून मारल्या, म्हणजे नळी तापल्याचा परिणाम दोन्हींवर सारखा. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) न तापवलेल्यांच्या सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत ५७ फुटांचा फरक आला, तापवलेल्यांत २९. पाटीवर उभा पसारा आठ इंचांहून साडेचारवर. दहा गोळ्या म्हणजे काही फार मोठा पुरावा नव्हे, म्हणून आणखी दोन शनिवारी हेच केलं. आकडे हलले, पण बाजू बदलली नाही.

मान तापवताना

मशीन असेल तर उत्तम. माझ्याकडे प्रोपेनचा टॉर्च आणि ड्रिलला लावलेलं खोल सॉकेट एवढंच आहे. पुंगळी सॉकेटमध्ये ठेवून ड्रिल हळू फिरवायचं आणि निळ्या ज्योतीचं टोक मान आणि खांदा यांच्या सांध्यावर धरायचं. किती सेकंद, हे मी सांगणार नाही, कारण तुमचा टॉर्च, तुमची पुंगळी, तुमचं अंतर वेगळं. तापमान दाखवणारा रंग मिळतो. ७५० अंश फॅरनहाइटचा रंग मानेच्या आत लावा आणि ४५० चा खांद्याखाली बाहेरून. आतला वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. भंगारातल्या दोन-चार पुंगळ्यांवर वेळ पक्की करा आणि मग तोंडाने आकडे मोजत तीच वेळ पाळा. अंधाऱ्या खोलीत मान जेमतेम लालसर दिसायला लागली की मी आधीच ज्योत काढलेली असते. भगभगीत नारिंगी झाली तर ती पुंगळी गेली. चिमट्याने दाबल्यावर मान पत्र्यासारखी चेपून तशीच राहिली, तर समजा अति झालं, आणि ती भंगारात टाका.

बूड कधीही तापवायचं नाही. ६.५ क्रीडमोरला दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, आणि तो दाब पेलतं ते कडक बूडच. ते मऊ झालं तर पुढचा स्फोट तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो. पुंगळीत न उडालेला प्रायमर नाही हे आधी बघा. पावडरचे डबे त्या खोलीत नकोतच, आणि खिडकी उघडी हवी.

पाण्यात टाकायची का, हे सगळे विचारतात. पितळाचं पोलादासारखं नसतं. कोयता तापवून पाण्यात बुडवला की कडक होतो, पितळ पाण्यात टाका किंवा ताटात ठेवून निववा, मऊच राहतं. मी ताटात ठेवतो, म्हणजे आत पाणी राहिलं का ही चिंता नाही.

यानंतरची एक चूक महाग पडू शकते. मऊ झालेलं पितळ डायमध्ये जास्त सहज दबतं. जुन्या कडक पुंगळ्यांसाठी डाय खाली घेऊन ठेवली असेल, तर तीच डाय आता खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलेल. तसं दोन-चार वेळा झालं की पुंगळी बुडाच्या जरा वर आतून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. म्हणून तापवल्यावर डाय वर घ्या आणि खांदा दोन हजारांशच मागे जाईल अशी पुन्हा बसवा. लांबी मोजा: ६.५ क्रीडमोरची कमाल १.९२० इंच, मी १.९१० ला कापतो.

तरीही परत आलं तर: चकाकीचा दोष

तापवणं सुरू केल्यावर चार महिन्यांनी रांग अर्धीमुर्धी परत आली. या वेळी गुन्हेगार मी हौसेने आणलेला, पुंगळ्या घुसळून धुणारा ओला टंबलर होता. पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना. पुंगळ्या अशा निघाल्या की आईने दिवाळीला चिंच-मीठ लावून घासलेली समई आठवावी. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. पण मानेच्या आतली काजळीही निघून गेली होती, आणि ती काजळी वंगणाचं काम करत असते. कोरड्या, चकचकीत पितळात तांब्याच्या सालीची गोळी करकरत जाते, कधी अडकत, कधी सुटत. शिवाय पिनांनी तोंडाच्या कडा ठोकून जाड केल्या होत्या. आता मी मक्याच्या भुशातच हलवतो, मानेतून नायलॉनचा ब्रश एकदा फिरवतो आणि गोळी बसवण्याआधी मान ग्रॅफाइटच्या पुडीत बुडवतो. पुंगळ्या काळपट दिसतात. फोटो कोणी मागत नाही.

घासण्यावरून अप्पांनीच सांगितलेली एक गोष्ट. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला आपोआप भेगा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला, आणि उपाय निघाला तोही ताण घालवण्यासाठी पितळ तापवण्याचाच. तेव्हा अमोनिया असलेली पॉलिश पुंगळीला लावू नका, देव्हाऱ्यातल्या घंटेला खुशाल लावा.

हा आजार नसेल तर

नव्या पुंगळ्यांवरही पसारा तेवढाच येत असेल तर आगीवर वेळ घालवू नका. आडवा पसारा जास्त असेल तर वारा, ट्रिगरवरचं बोट आणि पुढच्या टेकूची बैठक बघा. १०० यार्डांवरच गोल पसारा असेल तर स्क्रू, दुर्बीण, नळीचं तोंड. आणि ६.५ क्रीडमोरच्या नळीतून दोन-अडीच हजार गोळ्या गेल्या असतील तर रायफलिंगची (नळीतल्या पीळदार खाचांची) सुरुवात झिजून पुढे सरकलेली असते. तिथे पुंगळी बिचारी काय करणार? दाब वाढवून नेम येतो का बघणं, हा तर उपायच नाही. प्रायमर सपाट व्हायला लागले किंवा बोल्ट उचलायला जड गेला की खाली या, आणि माप कोणाच्या सांगण्यावरून नाही, छापील मॅन्युअलमधून घ्या.

आता माझ्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी आहे. तिच्यावर लॉट, किती वेळा मारल्या याच्या उभ्या रेघा आणि मान तापवली की आडवी रेघ. दर दोन उभ्या रेघांमागे एक आडवी. प्रायमर बदलला तर पुंगळ्या बदलायच्या नाहीत, पुंगळ्या बदलल्या तर प्रायमर नाही. सध्याचा डबा अकराव्या भरणीवर आहे.